वी स्पोर्ट्सपासून झेल्डापर्यंत: नवख्या माणसाला गेममध्ये आणण्याचा आणि पुढे नेण्याचा उद्योग

आजच्या कुठल्याही गेमिंग कन्सोलचा, म्हणजे घरी गेम खेळायच्या यंत्राचा, कंट्रोलर हातात घ्या आणि त्यावरची बटणं मोजा. उजव्या अंगठ्याखाली चार, डाव्या अंगठ्याखाली दिशांची चार, वरच्या कडेला बोटांसाठी आणखी चार, शिवाय दोन छोट्या दांड्या, आणि त्या दांड्यासुद्धा दाबता येतात. ज्याचं लहानपण यात गेलं त्याची बोटं आपोआप हलतात. पण आयुष्यात एकही गेम न खेळलेल्या माणसाच्या हातात हा कंट्रोलर दिला तर काय होतं? डावी दांडी पात्राला चालवते आणि उजवी दांडी त्याची नजर फिरवते, हे सांगितल्यावर डोक्याला कळतं, बोटांना कळत नाही. दोन मिनिटांत पडद्यावरचं पात्र आभाळाकडे बघत भिंतीला धडका देऊ लागतं. शेजारचं कुणीतरी हसतं. ‘आपल्याला नाही जमत बाई हे,’ म्हणून कंट्रोलर परत दिला जातो, आणि बहुतेक वेळा पुन्हा कधी हातात घेतला जात नाही.

त्या माणसाने गेम वाईट आहे असं ठरवलेलं नसतं, आपणच कमी पडतो असं ठरवलेलं असतं. न आवडलेल्या वस्तूची जाहिरात सुधारता येते. लाज वाटून लांब गेलेल्या माणसाला जाहिरात परत आणू शकत नाही. म्हणून नवखे लोक गेमिंगकडे कसे वळतात आणि साध्या गेमवरून सखोल गेमकडे कसे जातात, हा गेम कंपन्यांच्या दृष्टीने फार मोठा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधण्यासाठी सगळ्यात जास्त खटपट केली ती जपानच्या क्योतो शहरातल्या निन्टेंडो कंपनीने. तिला यात प्रचंड यश आलं आणि तेवढंच मोठं अपयशही. त्यामुळे हा विषय समजून घ्यायला तिच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मारिओने काय शिकवलं होतं

निन्टेंडोचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नसलं तरी तिचं काम आपल्या पिढ्यांनी पाहिलंय. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत जे स्वस्त ‘टीव्ही गेम’ आले, ते बहुतांशी निन्टेंडोच्या १९८३ सालच्या यंत्राच्या नकला होत्या. कॅसेट घालायची, मारिओ किंवा बदकांवर नेम धरायचा गेम लावायचा. माहितीपुस्तिका कुणाकडे नव्हती, असती तरी कुणी वाचली नसती. तरीही मारिओ सगळ्यांना आला.

तो कसा आला हे नीट बघण्यासारखं आहे. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली पातळी आठवा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे उजवीकडे जायचं, हे न सांगता कळतं. पुढे रागीट भुवयांचा एक प्राणी हळूहळू चालत येतो. त्याला धडकलात तर मरता, पण गेम नुकताच सुरू झालेला असल्याने गमावण्यासारखं काहीच नसतं. पुन्हा सुरू केलं की उडी मारून बघता. मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा, त्यातून निघणारं मशरूम. ते उजवीकडे सरकतं, पाइपला आपटतं आणि उलटं तुमच्याकडे येतं. तुम्ही त्याला शत्रू समजून पळायला बघितलं तरी ठोकळ्यांच्या खाली सापडता आणि ते तुम्हाला लागतंच. मारिओ मोठा होतो. मशरूम चांगलं असतं, धडा संपला. पुढे दोन पायऱ्यांच्या मनोऱ्यांमधून उडी मारायची असते, पण मध्ये जमीन असते, पडलात तरी चालतं. त्यानंतर तशीच जागा पुन्हा येते आणि या वेळी मध्ये खड्डा असतो.

हे सगळं निन्टेंडोचे गेम रचणारे शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणूनबुजून रचलेलं होतं. मला स्वतःला ही पातळी शिक्षणशास्त्राच्या वर्गात दाखवावी इतकी मोलाची वाटते. एक शब्दही न वापरता, अपमान न करता, माणसाला दीड-दोन मिनिटांत एक संपूर्ण नवं काम शिकवलेलं आहे.

याच विचारातून १९९२ मध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर कर्बी हा गेम आला. तो एचएएल लॅबोरेटरी नावाच्या छोट्या कंपनीने खास नवशिक्यांसाठी केला होता. कर्बी हवा गिळून फुगतो आणि तरंगत जातो, त्यामुळे खड्ड्यांची भीती जवळजवळ उरत नाही. मुरलेल्यांसाठी त्याच गेममध्ये एक वेगळा, बराच अवघड प्रकार दडवलेला होता. एचएएलमधला एक प्रोग्रामर पुढच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे: सातोरू इवाता.

मुरलेल्यांसाठी गेम, मग फक्त मुरलेलेच गिऱ्हाईक

मारिओच्या वेळी कंट्रोलरवर दिशांसाठी एक फुली आणि दोन मुख्य बटणं होती. पुढच्या पंधरा वर्षांत बटणं वाढत गेली, जग त्रिमितीय झालं, गोष्टी लांबल्या. यात कुणाचा दोष नव्हता. गेम कंपनीचा नियमित गिऱ्हाईक म्हणजे आधीपासून खेळणारा माणूस, आणि त्याला दर वेळी आधीपेक्षा काहीतरी जास्त हवं असतं. त्याला खूश ठेवता ठेवता प्रत्येक नवा गेम थोडा थोडा अवघड होतो. नवा माणूस आत येऊ शकत नाही. जुने खेळाडू मोठे होतात, नोकरीला लागतात, मुलं होतात, खेळणं सुटतं. आत येणारे कमी आणि बाहेर जाणारे पूर्वीइतकेच, असं झालं की बाजार आकसतो. जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात नेमकं हेच सुरू झालं.

निन्टेंडोला त्याचा फटका दुहेरी बसला. २००१ चा तिचा गेमक्यूब हा कन्सोल जगभरात २.१७ कोटी विकला गेला, तर सोनीचा प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला. २००२ मध्ये इवाता कंपनीचे अध्यक्ष झाले, यामाउची घराण्याबाहेरचे पहिलेच. सोनीपेक्षा ताकदवान यंत्र काढून सोनीचे गिऱ्हाईक ओढायचे, हा मार्ग त्यांनी नाकारला. त्यांनी ध्येय ठेवलं ते गेम खेळणाऱ्या माणसांची एकूण संख्या वाढवण्याचं. जे खेळत नाहीत ते का खेळत नाहीत, असा प्रश्न त्यांनी कंपनीपुढे ठेवला.

पहिलं उत्तर होतं निन्टेंडो डीएस, २००४ चा. दोन पडदे, त्यातला खालचा स्पर्शाने चालणारा, सोबत एक लेखणी. लेखणी कशी धरायची हे जगात कुणाला शिकवावं लागत नाही. पण यंत्र सोपं झालं म्हणून पन्नाशीचा माणूस ते विकत घेईल असं नाही. त्याला निमित्त लागतं. डीएस जपानमध्ये विक्रीला आला त्याच दिवशी इवाता तोहोकू विद्यापीठातले मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक र्युता कावाशिमा यांना भेटले. त्यातून पुढच्या मे महिन्यात एक छोटासा गेम निघाला. यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं, पडद्यावर भराभर बेरजा-वजाबाक्या लिहायच्या, मोठ्याने वाचायचं, आणि शेवटी गेम तुम्हाला तुमच्या ‘मेंदूचं वय’ सांगणार. मेंदू खरोखर तरुण होतो का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण चाळिशीच्या माणसाला ‘तुमच्या मेंदूचं वय ६८’ असं ऐकवलं की तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतोच. दुकानदारांनी सुरुवातीला थोड्याच प्रती मागवल्या होत्या. जगभरात अखेर सुमारे १.९ कोटी खपल्या. त्याच सुमाराला आलेला निन्टेंडॉग्ज, म्हणजे पडद्यावरच्या कुत्र्याच्या पिल्लाला कुरवाळायचा गेम, २.४ कोटींच्या घरात गेला.

इथे पहिला नियम दिसतो. नवख्याला आत आणायचं तर त्याला आधीपासून येत असलेली एक कृती द्यायची, लिहिणं, कुरवाळणं, बोलणं, आणि त्याला आधीपासून वाटत असलेली एक काळजी किंवा इच्छा पकडायची. गेमची आवड ही नंतरची गोष्ट.

वी स्पोर्ट्सची करामत

नोव्हेंबर २००६ मध्ये वी हा कन्सोल आला. ताकदीने तो प्रतिस्पर्ध्यांच्या बराच मागे होता. त्याचा कंट्रोलर मात्र टीव्हीच्या रिमोटसारखा दिसत होता, एका हातात धरायचा, आणि हात हलवला की त्याला कळत होतं. रिमोटची भीती कुठल्याच घरात कुणाला नसते. यंत्र लहान हवं, वीज कमी खाणारं हवं, घरातल्या आईला त्याची अडचण वाटता कामा नये, असा विचार ते बनवताना झाला होता. जपान सोडून बहुतेक बाजारपेठांत त्याच्या खोक्यातच वी स्पोर्ट्स हा गेम मिळायचा: टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग.

यातला टेनिस बघा. आधीच्या टेनिसच्या गेममध्ये खेळाडूला मैदानभर पळवायला लागायचं आणि वेगवेगळ्या फटक्यांना वेगवेगळी बटणं असायची. वी स्पोर्ट्समध्ये तुमचं पात्र स्वतःच पळतं. तुम्ही फक्त हात फिरवायचा, आणि तोही वेळेवर. अवघड असलेलं सगळं काढून टाकून फक्त टेनिसमधली मजेची घटका ठेवलेली. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांमध्ये वीवरच्या बोलिंगच्या स्पर्धा व्हायला लागल्या. आणखी एक गोष्ट घडली, जी मला यंत्राच्या कौशल्यापेक्षाही मोठी वाटते: वी खेळताना सगळेच वेडेवाकडे दिसतात. हात झाडणारा पंचविशीतला पट्टीचा खेळाडू आणि त्याची सत्तरीची आजी, दोघंही सारखेच. लाज सगळ्यांमध्ये विभागली गेली की तिची धार जाते.

आणि त्यात खोलीही होती. प्रत्येक खेळात तुमचा कौशल्याचा आकडा वाढत जायचा, हजार झाला की ‘प्रो’. बोलिंगमध्ये मनगट वळवून चेंडूला फिरकी देता यायची. ज्याला हवं त्याला सापडेल, ज्याला नको त्याच्या वाटेत येणार नाही, अशी.

वी अखेर १०.१६ कोटी विकला गेला, वी स्पोर्ट्स ८.२९ कोटी. डीएस १५.४० कोटी. निन्टेंडोने नवख्यांना आत आणून दाखवलं होतं.

पुढची पायरी

आता पैशाचं गणित. कन्सोल विकून मिळणारा नफा सहसा बेताचाच असतो. खरी कमाई त्यावर पुढे विकल्या जाणाऱ्या गेममधून येते, स्वतःच्या गेममधून आणि इतर कंपन्यांच्या गेमवर मिळणाऱ्या हिश्श्यातून. ज्या घराने वी घेतला, वी स्पोर्ट्स खेळला आणि दिवाळीनंतर कपाटात ठेवून दिला, त्या घराकडून कंपनीला एकदाच पैसे मिळाले. शिवाय कंपनीचा जीव सखोल गेममध्ये असतो. मारिओ, झेल्डा, मेट्रॉइड अशा साहसी गेममालिका करणाऱ्या लोकांना ते गेम खेळणारी माणसं हवी असतात. म्हणून आत आलेल्या माणसाला हळूहळू पुढे नेणारा जिना बांधायचा बेत होता.

त्या जिन्याच्या पायऱ्या कशा होत्या आणि त्या प्रत्येकीवर किती लोक पोचले, हे विक्रीच्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. २००८ चा मारिओ कार्ट वी, गाड्यांच्या शर्यतीचा. सोबत प्लास्टिकचं स्टीअरिंग, त्यात रिमोट बसवायचा आणि वळवायचं. ३.७४ कोटी. २००९ चा न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी, जुन्या पद्धतीचा, बाजूने दिसणारा, चौघांनी मिळून खेळायचा. ३.०३ कोटी. २००७ चा सुपर मारिओ गॅलेक्सी, त्रिमितीय, गोल ग्रहांवरून उलटंसुलटं पळायचा, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. १.२८ कोटी. त्याच्या दुसऱ्या भागासोबत जपानमध्ये नवशिक्यांसाठी कसं खेळायचं हे दाखवणारी डीव्हीडीसुद्धा दिली होती. आणि २०११ चा झेल्डा, स्कायवर्ड स्वोर्ड: ३६ लाखांच्या आसपास.

दहा कोटी घरांतून सुरुवात आणि झेल्डापाशी ३६ लाख. झेल्डा आला तेव्हा वीचे दिवस भरत आले होते, हे मान्य. पण माझ्या मते या आकड्याचं खरं कारण दुसरं आहे, आणि ते एका शेजारच्या गेमकडे पाहिल्यावर कळतं. २००९ मध्ये वी स्पोर्ट्स रिसॉर्ट आला होता. त्यात रिमोटला एक जोडणी लावून तलवारबाजी करता यायची, मनगट जसं वळेल तशी तलवार वळायची. तो ३.३१ कोटी खपला. स्कायवर्ड स्वोर्डमधली तलवारही त्याच जोडणीवर, त्याच हालचालीने चालते. म्हणजे हाताला जे शिकायचं होतं ते तीन कोटी घरं आधीच शिकलेली होती. तरी ती झेल्डाकडे गेली नाहीत.

याचा अर्थ अडसर बोटांचा किंवा हाताचा नव्हताच. वी स्पोर्ट्सचा एक डाव दहा मिनिटांत संपतो, उद्या सगळं विसरून नव्याने सुरू करता येतो, आणि सोबत चार माणसं असतात. झेल्डा तीस-चाळीस तास मागतो, एकट्याने. त्यात अडकायला होतं. एका खोलीत दार उघडत नाही, कुठे काय राहिलं हे कळत नाही, अर्धा तास तसाच जातो. मुरलेल्या खेळाडूला या अडकण्यातच रस असतो, कारण यातून बाहेर पडता येतं हे त्याला अनुभवाने माहीत असतं. नवख्याकडे तो अनुभव नसतो. त्याला वाटतं गेम तरी बिघडलाय किंवा आपण तरी. सखोल गेमकडे जाणं म्हणजे जास्त बटणं शिकणं नव्हे, तर अडकल्यावर न घाबरता बसून राहायला शिकणं. निन्टेंडोने हात तयार केला होता, हा धीर तयार केला नव्हता.

मग जे व्हायचं ते झालं. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं. दहा मिनिटांचा, सोपा, सोबत असलेल्या फोनवर चालणारा आणि जवळजवळ फुकट गेम कुणालाही मिळू लागला. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या कोट्यवधी लोकांना तीच पायरी दुसरीकडे स्वस्तात मिळाली आणि ते तिकडे गेले. २०१२ चा वी यू हा कन्सोल १.३६ कोटींवर थांबला. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात निन्टेंडोला तोटा झाला.

एकाच गेमच्या आत जिना

या अपयशातून निन्टेंडो जे शिकली ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एक गेम संपवून माणूस दुसऱ्या, अवघड गेमकडे जाईल ही अपेक्षा सोडून देऊन, जिना त्याच गेमच्या आत बांधायचा. याची बीजं वीच्या काळातच होती.

न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वीमध्ये एका पातळीवर तुम्ही आठ वेळा मेलात की एक हिरवा ठोकळा दिसू लागतो. त्याला धक्का दिला की मारिओचा भाऊ लुइजी येतो आणि ती पातळी पार करून दाखवतो. वाटेत कुठेही तुम्ही सूत्रं हातात घेऊ शकता. मदत हवी का, असं कुणी विचारत नाही. ठोकळा नुसता तिथे असतो. आणि ज्याच्या गेममध्ये तो ठोकळा एकदाही उगवला नाही, त्याच्या खात्यावरचे तारे चमकतात. नवख्याची सोय झाली, पट्टीच्या खेळाडूचा मानही राहिला.

मारिओ कार्ट वीमध्ये गाडी वळवण्याचे दोन प्रकार होते. ऑटोमॅटिकमध्ये गाडी वळणावर आपोआप सांभाळून घेते. मॅन्युअलमध्ये स्वतः घसरवत वळवावी लागते, पण जमलं तर वळण संपताना छोटासा जोर मिळतो, जो ऑटोमॅटिकवाल्याला कधीच मिळत नाही. आठ-दहा शर्यती झाल्यावर नवखा बघतो की पुतण्याच्या गाडीखालून ठिणग्या निघतात आणि तो पुढे निघून जातो. ‘हे कसं करतोस?’ हा प्रश्न आला की पुढची पायरी चढायला सुरुवात झाली. २०१७ च्या मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये हे आणखी नेमकं केलं. स्मार्ट स्टीअरिंग चालू असेल तर गाडी रस्त्याबाहेर जात नाही, तीन-चार वर्षांचं मूलही शर्यत पूर्ण करतं. मात्र सगळ्यात मोठा जोर आणि काही आडवाटा मिळत नाहीत. शिवाय मागे पडलेल्याला जास्त प्रभावी वस्तू मिळतात, त्यामुळे शेवटचा कायम शेवटचाच राहत नाही. घरातला नवखा आणि मुरलेला एकाच सोफ्यावर, एकाच शर्यतीत. हा गेम सहा कोटींच्या वर गेला आहे.

दोन गेममधला पूलही बांधता येतो, पण तो फार काळजीने बांधावा लागतो. २०१६ च्या पोकेमॉन गो ने रस्त्यावर फोन घेऊन पोकेमॉन पकडणारे कोट्यवधी लोक तयार केले. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०१८ मध्ये निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर लेट्स गो या नावाने दोन जोडगेम आले. जंगली पोकेमॉनशी आधी लढायचं ही जुनी रीत काढून टाकली. फोनवर जसा चेंडू फेकायचा तसाच इथेही फेकायचा. फोनवर पकडलेले पोकेमॉन इथे आणता येत होते, म्हणजे आधीची मेहनत वाया जात नव्हती. दुसरा माणूस मध्येच कंट्रोलर उचलून मदतीला येऊ शकत होता. मात्र प्रशिक्षकांबरोबरच्या लढती जुन्याच पद्धतीच्या ठेवल्या, कारण शिकवायचं होतं ते तेच. पहिल्या मोठ्या लढतीत समोर दगडाच्या जातीचे पोकेमॉन असतात; त्यांच्यावर मात करणारा गवताचा किंवा पाण्याचा पोकेमॉन तुमच्याकडे असल्याशिवाय दारातला माणूस आतच सोडत नाही. हरवून शिकवण्याऐवजी तयारी करून मग आत, असा तो बारकावा. दोन्ही मिळून दीड कोटी विकले गेले. एक वर्षाने पूर्ण खोलीचे पुढचे पोकेमॉन गेम आले, ते त्याहून कितीतरी जास्त खपले. त्यात नवखे नेमके किती होते हे आकडा सांगत नाही, पण पूल टिकला एवढं नक्की.

आणि झेल्डा? मार्च २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डने स्कायवर्ड स्वोर्डचा दोष मुळापासून काढला. सुरुवातीला तुम्ही एका पठारावर असता, चारही बाजूंनी कडे. चढणं, स्वयंपाक, थंडी, झाड तोडून पूल करणं, सगळं तिथे शिकून होतं, पण कुठल्याही क्रमाने. चार छोटी मंदिरं पार केली की हवेत तरंगायचं कापड मिळतं आणि अख्खं जग उघडतं. त्यापुढे कुठे अडकलात तर तिथून उठून भलतीकडे जाता येतं. डोंगरावर जा, मासे पकडा, चार दिवसांनी परत या. नवख्याकडे नसलेला धीर गेमनेच पुरवला. तीन कोटींहून जास्त लोकांनी हा झेल्डा घेतला.

२०२० च्या टाळेबंदीत जगभर खेळल्या गेलेल्या ॲनिमल क्रॉसिंग या बेट वसवायच्या गेमचं तंत्र आणखी वेगळं आहे. त्यात हार नावाची गोष्टच नाही. आणि घड्याळ खरं चालतं: पहिल्या दिवशी करण्यासारख्या मोजक्याच गोष्टी असतात, पूल बांधायची सोय पुढे, डोंगर-नद्या हव्या तशा वळवायची मुभा तर काही आठवड्यांनी. दर रविवारी सलगम विकत घ्यायचे आणि दिवसातून दोनदा बदलणाऱ्या भावावर नजर ठेवून विकायचे, हा व्यवहार तर कितीतरी लोकांनी वहीत तक्ते मांडून केला. ज्याने आधी कधी गेम खेळला नव्हता तो माणूस महिन्याभरात स्वतःच्या बेटाचा आराखडा आखत होता. खोलात जायला इतका कमी धक्का देणारा गेम मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसरा जिना, खिशाकडे जाणारा

इथे एक फरक ठळकपणे सांगायला हवा, कारण आपल्याकडे बहुतेक लोकांचा संबंध कन्सोलशी नसून फोनशी येतो. फुकट मोबाइल गेममध्येही नवख्याला अलगद पुढे नेतात. सुरुवातीला भरपूर बक्षिसं, सोपे विजय, रोज येण्याची सवय. नंतर वाट पाहायला लावणारी घड्याळं आणि पैसे भरून उघडायच्या पेट्या, ज्यात काय निघेल ते नशिबावर. इथे खोल होत जातो तो खर्च. कौशल्य वाढेलच असं नाही. निन्टेंडोही यातून सुटलेली नाही. तिच्या फायर एम्ब्लेम हीरोज या मोबाइल गेममध्ये नशिबावरची खरेदी आहे. बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरवल्यावर २०१९ मध्ये निन्टेंडोने तो गेम आणि ॲनिमल क्रॉसिंगची मोबाइल आवृत्ती तिथून मागे घेतली.

सोपे विजय देणं हे मात्र दर वेळी फसवणूक नसतं. पबजीच्या पीसी आवृत्तीत २०२० मध्ये कंपनीने उघडपणे संगणकाने चालवलेले प्रतिस्पर्धी आणले, कारण नवे खेळाडू मुरलेल्यांसमोर उतरताच मरत होते आणि सोडून जात होते. हेतू शिकवण्याचा असेल आणि ते सांगितलेलं असेल, तर मला त्यात गैर दिसत नाही. मुलांच्या फोनवरचा गेम बघताना पालकांनी एवढंच पाहावं: महिन्याभराने मुलाला काहीतरी नवं करता येऊ लागलंय की नुसती खरेदी वाढलीय?

भारतात पहिली पायरी खूप रुंद आहे. मुंबईत तयार झालेला लुडो किंग घरोघरी पोचला तो याचमुळे, की लुडो कुणालाच शिकवावा लागत नाही. कमतरता आहे ती मधल्या पायऱ्यांची. लुडोवरून थेट पबजीसारख्या शंभर जणांच्या युद्धात उतरायचं, मध्ये काही नाही. म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये केलेला राजी हा गेम मला महत्त्वाचा वाटतो. सर्कशीत वाढलेली मुलगी, तिच्या भावाला पळवून नेणारे राक्षस, दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगताहेत. कथा आपल्या घरातली, लांबी फार नाही, आणि लढाई मात्र खरीखुरी शिकावी लागणारी. कन्सोलवर तो आधी निन्टेंडोच्या स्विचवरच आला.

जून २०२५ मध्ये स्विच २ आला, अमेरिकेत साडेचारशे डॉलरला, आणि पहिल्या चार महिन्यांत एक कोटीच्या वर विकला गेला. सोबत वेलकम टूर नावाचा एक छोटा गेम काढला आहे. यंत्रात काय काय नवं आहे ते खेळता खेळता दाखवणारा. म्हणजे अगदी नव्या माणसासाठीचा. वी स्पोर्ट्स खोक्यात मिळत होता. हा मात्र दहा डॉलर देऊन वेगळा विकत घ्यावा लागतो. जुने चाहते रांगा लावून यंत्र घेत असताना हे फारसं जाणवत नाही, पण कन्सोल पहिल्यांदाच घेणारं घर ओळख करून घेण्यासाठी वेगळे पैसे मोजणार नाही. तो गेम यंत्राबरोबरच द्यायला हवा होता, आणि निन्टेंडोने अजूनही तसं करावं.